धुऱ्यावर उभं राहण्याचे दिवस

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांना बागेची आठवण होते. 'शरदातली बाग' असा मथळा असतो. शेजारी टोपी घातलेल्या एका हसऱ्या बाईचं छायाचित्र, तिच्या हातात दंताळं आणि पायाशी तांबड्या-पिवळ्या पानांचा ढीग. खाली सूचना असतात: गळलेली पानं गोळा करा, फुलांचे कंद पुरून ठेवा, नाजूक झाडं थंडीआधी घरात घ्या. भंडारा जिल्ह्यातला आज्ञाधारक वाचक हे वाचून मागच्या दाराने वाडीत जातो आणि गळलेली पानं शोधू लागतो. त्याला एकही सापडत नाही. उलट तरोट्याने विहिरीची वाट गिळलेली असते, दोडक्याचा वेल आपल्या कवेलूंवरून शेजाऱ्याच्या टिनांवर राहायला गेलेला असतो आणि बेशरमाच्या कुंपणात मागच्या पोळ्याला हरवलेली बादली अजून हरवलेलीच असते.

आपल्याकडे पानं गळतात ती माघ-फाल्गुनात, साग उघडा पडतो आणि पळस पेटतो तेव्हा. आश्विनात हा जिल्हा गळ्यापर्यंत हिरवा असतो. त्या छायाचित्रातल्या बाईला इथे आणलं, तर तिच्या हातातलं दंताळं काढून आधी विळा द्यावा लागेल. आणि बाईच्या हातात विळा दिसला की कोणीतरी तिला धान कापायला घेऊन जाईल. मजुरांची टंचाईच तशी असते.

या मोसमातल्या बागकामाची खरी गोची इथेच आहे. हिवाळी भाजीपाला लावायचे दिवस आणि धान कापायचे दिवस एकच. हलका धान दसऱ्याच्या आगेमागे कापायला येतो, भारी धान दिवाळी उलटली तरी उभा असतो, आणि या मधल्या काळात घरातला प्रत्येक चालता-बोलता माणूस बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतो. घरी उरतात आजी, पेन्शनर आणि कोंबड्या. वाडी त्यांच्या ताब्यात जाते. तिघांपैकी जमीन उकरायचं काम फक्त कोंबड्या मनापासून करतात.

वाडी म्हणजे घरामागची जागा. पुरवणीतल्या लेखकाची बाग पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत सहा कुंड्यांत मावते आणि ती माती नव्हे, कोकोपीट खाऊन जगते. आमच्या खेड्यातल्या वाडीत त्याची अख्खी इमारत पार्किंगसकट उभी राहील. एका कोपऱ्यात कोचई माजलेली असते, तिच्या पानांच्या वड्या सप्टेंबरभर खाऊन घर थकलेलं असतं. मुंगन्याचं झाड, गोडनीम, लिंबू, विहिरीच्या सांडपाण्यावर दोन केळी, मांडवावर वाल, धुणं धुवायच्या दगडामागे मिरची. यातलं निम्मं कोणी लावलेलं नसतं. पपई पक्ष्याने लावलेली असते, टमाटर भांडी घासल्याच्या पाण्यातून उगवलेलं असतं आणि झेंडू मागच्या दसऱ्याच्या तोरणातून. सुकलेलं तोरण फेकायला उकिरड्यापर्यंत जायचा कंटाळा हीच आमच्याकडची झेंडूची लागवड-पद्धत. हल्ली बाजारातली संकरित फुलं तोरणात आल्यापासून त्या बियांतून काय उगवेल याचा नेम राहिलेला नाही. कधी झाड कमरेएवढं वाढतं आणि फूल शर्टाच्या गुंडीएवढं येतं. देवाला मापाचं काही नसतं, म्हणून चालून जातं.

पेन्शनर मंडळी मात्र वाडीत फार वेळ रमत नाहीत. ती शेतावर जातात आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहतात. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आश्विन लागला की सकाळी चहा घेऊन निघतात, धानाच्या धुऱ्यावर तुरीच्या ओळीशेजारी जागा धरतात आणि हात मागे बांधून समोर बघत राहतात. येणारा-जाणारा विचारतो, "का करता जी, गुरुजी?" गुरुजी सांगतात, "काही नाही गा, पाहून रायलो." पूर्वी यावर लोक हसत. आता हसायची सोय नाही, कारण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे असंच पाहत होते. 1983 साली आपल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या काढल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षं निवडत गेले आणि त्यातून बारीक, खायला चविष्ट असा नवा वाण हाती आला. तेव्हा मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं हा मोठा रुबाब होता, म्हणून धानाचं नाव पडलं एचएमटी. आज तो तांदूळ किती ताटांत जातो याची मोजदाद नाही. दादाजी 2018 साली गेले. सन्मान पुष्कळ मिळाले, पैसा त्या मानाने काहीच नाही, हे विदर्भाच्या रीतीला धरूनच झालं. पण त्यांनी एक मोठी गोष्ट करून ठेवली: धुऱ्यावर नुसत्या उभ्या असलेल्या माणसाला आता कोणी छातीठोकपणे आळशी म्हणू शकत नाही. तो संशोधनही करत असू शकतो. आमचे गुरुजी निवृत्तीपासून उभे आहेत. नवा वाण अजून आलेला नाही, पण बसायलाही कोणी सांगत नाही.

पाऊस या दिवसांत कोणाचाच नसतो. हस्त, चित्रा, स्वाती अशी नक्षत्रं ओळीने येतात आणि प्रत्येकाविषयी घरात वेगळं मत असतं. स्वातीच्या पावसाने माणिक-मोती पिकतात, असं महाराष्ट्रात मोठ्या कौतुकाने सांगतात. ते वचन ज्याने रचलं त्याच्याकडे ज्वारी असेल, हरभरा असेल. धान खात्रीने नव्हता. ऑक्टोबरच्या शेवटी, नेमक्या स्वातीत, आमच्या बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडलेल्या असतात. त्यावर रात्रीतून पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत लोंबीतल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटतात आणि न मागता रोपवाटिका तयार होते. त्याच पावसाने मागच्या वाडीत मेथी टरारून वर येते. एकाच घरात पुढच्या दारी तलाठ्याची वाट बघणारा चिंताग्रस्त मुलगा आणि मागच्या दारी मेथीकडे बघून खूश असलेली आई, हे दृश्य दर दोन-चार वर्षांनी दिसतं. पंचनाम्याच्या कागदावर मेथी चांगली आल्याची नोंद करायला रकाना नसतो, हे त्यातल्या त्यात बरं.

मेथी ही मुळात घाईच्या माणसाची भाजी. पेरली की चौथ्या दिवशी हजर. सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, स्वभाव उलटा. धण्याच्या एका गोल फळात दोन बिया असतात, म्हणून ते पेरण्याआधी रगडून दोन फाका करायचे. त्यासाठी पाटा, लाटणं किंवा स्वच्छ समजली जाणारी चप्पल यांपैकी काहीही चालतं. तरीही उगवायला आठवडा सहज लागतो, कधी दोन. या काळात घरातला प्रत्येक जण एकदा तरी वाफ्याशी बसून बोटाने माती बाजूला करून बघतो आणि बी हलवून परत झाकतो. सांबार उशिरा उगवतो याचं अर्धं कारण वनस्पतीशास्त्रात आहे, उरलेलं अर्धं त्या बोटात. आजी मात्र बघत नाही. ती लसणाच्या पाकळ्या सुटी करून टोकाची बाजू वर ठेवत एकेक खोचत बसते आणि तेवढ्या वेळात घराण्याच्या गेल्या पन्नास वर्षांच्या वाटण्या कशा चुकल्या ते सांगते. लसूण लावताना ऐकणारा कोणीतरी लागतो. एकट्याने लावलेला लसूण मी अजून पाहिलेला नाही.

याच सुमारास कोजागिरी येते. दुधात चंद्र पाहायची पद्धत सगळीकडे आहे. धानपट्ट्यात आधी तुडतुडे काढावे लागतात. बांधीतला धान पिकत आला की हे हिरवे-तपकिरी बारीक किडे उजेडाकडे धाव घेतात, आणि पौर्णिमेच्या रात्री अंगणात लावलेला एकुलता एक बल्ब त्यांना चंद्रापेक्षा जवळ पडतो. म्हणून जाणती माणसं बल्ब विझवून दूध पितात. त्यामुळे कवितेचीही सोय होते आणि कपात काय आहे तेही दिसत नाही.

त्याच रात्री भुलाबाईची बोळवण असते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर वऱ्हाडा-नागपुराकडच्या मुली जी गाणी म्हणतात, त्यांत बागकामाचं एक गाणं आहे, आणि माझ्या मते मराठीतलं सर्वांत कडक बागायती मार्गदर्शन तेच. सुनेला माहेरी जायचं असतं. सासू तिला कारल्याचा वेल लावायला सांगते. वेल लावला की कोंब यायची वाट, कोंब आला की फूल, फूल आलं की कारलं, मग त्याची भाजी करायची, खाऊ घालायची, खरकटं काढायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर माहेरचं बघू. कारल्याला बी टाकल्यापासून फळ धरायला दोनेक महिने लागतात, हे त्या सासूला कृषी विद्यापीठाशिवाय माहीत होतं. सुनेने मेथी लावली असती तर महिन्याच्या आत सुटली असती. पीक निवडण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर शेतीतलं पुष्कळ काही अवलंबून असतं.

आता वानर.

इतर ठिकाणच्या बागकामाच्या पुस्तकांत किडींचं प्रकरण असतं: मावा, फुलकिडे, पांढरी माशी. आमच्याकडे ते प्रकरण वाचायची वेळ येत नाही, कारण किडीला खायला काही उरलं तर ना. नागझिरा-नवेगाव, कोका आणि उमरेड-पवनी-करांडला ही जंगलं या ना त्या बाजूने आमच्या गावांना टेकलेली आहेत. काळ्या तोंडाची वानरं तिथून निघतात आणि कवेलूंवरून चालत येतात. जंगल नसलेल्या गावीही येतात, कारण तिथे वालाचा मांडव असतो. एक टोळी वालाच्या मांडवावर पाच मिनिटं बसली, तर शेंगा गेल्याचं दुःख लहान ठरतं, मांडवच जातो. त्यांची खाण्याची पद्धत चोखंदळ असते. पपई तोडायची, एक घास घ्यायचा, ती गोड नाही असं ठरवून खाली टाकायची आणि दुसरी तोडायची. सासुरवाडीला आलेला जावईसुद्धा इतकी नापसंती उघड दाखवत नाही.

उपाय सगळे करून झालेले आहेत. गुलेर आहे, पण वानराला मारायचं नाही, असं हनुमानही सांगतो आणि 1972 चा वन्यजीव कायदाही. तेव्हा नेम धरून बाजूला मारायची वेगळी कला लागते. टिनाचा डबा बडवतात. पहिल्या दिवशी वानरं पळतात, तिसऱ्या दिवशी ऐकतात. दिवाळीतले सुतळी बॉम्ब जपून ठेवतात, पण ते ऐन वेळी सादळलेले निघतात. जुन्या कॅसेटची फीत काठ्यांवर ताणून बांधली की वाऱ्यावर ती गुणगुणते आणि पाखरं बिचकतात. घरोघरच्या ऑडिओ कॅसेटचं काय झालं, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आमच्याकडचे वाफे बघावेत. बाजारात आता वाघाच्या डरकाळीचा आवाज काढणारे भोंगेही मिळतात. ते दुसरीकडे कुठे लावावेत, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण करांडल्याच्या बाजूच्या गावात रात्री वाघाच्या आवाजात हाक मारायची आणि खरा कोणी भेटायला येणार नाही असं गृहीत धरायचं, हे धाडस आहे.

रानडुकरांसाठी मात्र एकच उपाय सर्वमान्य आहे, तो म्हणजे साड्या. विदर्भातून बसने जाताना शेतांभोवती रंगीबेरंगी साड्या ताणून बांधलेल्या दिसतात. नवख्या माणसाला वाटतं गावात एकाच दिवशी सगळ्यांचं धुणं निघालं. जुन्या साड्यांचे गठ्ठे यासाठी विकत मिळतात. डुकराला पलीकडचं दिसत नाही आणि वाऱ्याने साडी हलली की ते थबकतं, असा त्यामागचा हिशेब. तो डुकराला पटवून कोणी दिला हे कळायला मार्ग नाही, पण थोडाफार उपयोग होतो. गठ्ठा कमी पडला की घरातला माणूस कपाटाकडे वळतो. पुढे कधीतरी डबा घेऊन शेतात आलेली बाई कुंपणापाशी उभी राहते, निळ्या काठाकडे बघते आणि म्हणते, "हे माया भावानं देल्ली होती नं?" त्या वर्षी डुकराने केलेलं नुकसान या पुढच्या नुकसानापेक्षा नेहमीच कमी भरतं.

अशा मुलखात बाग लावायची तर ती कशी लावावी, याचं उत्तर पूर्व विदर्भाने फार पूर्वी शोधून ठेवलेलं आहे. त्या पिकाचं नाव लाखोळी, ही एक डाळ, आणि पद्धतीचं नाव उतेरा.

पद्धत अशी. धान अजून उभा असतो. कापणीला दहा-पंधरा दिवस असतात. बांधीतलं पाणी उतरलेलं असतं, पण जमीन ओली असते. पाऊल ठेवलं तर उमटावं, रुतू नये, इतकी ओल. अशा वेळी लाखोळीचं बी टोपलीत घ्यायचं, उभ्या धानातून चालायचं आणि दोन्ही हातांनी फेकत जायचं. संपलं. नांगरणी नाही, वखरणी नाही, वाफे नाहीत, खत नाही. धानाच्या सावलीत बी रुजतं. पुढे धान कापला जातो तेव्हा खाली बोटभर हिरवी लाखोळी उभी असते आणि तिला एकदम आकाश दिसतं. मग ती धानाने मागे ठेवलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर वाढते. मूळची द्विदल असल्याने जाता जाता जमिनीत नत्र ठेवून जाते. जवस, हरभरा, वाटाणाही असे टाकतात, पण त्यांचे थोडे लाड करावे लागतात. लाखोळी कोणाकडे काही मागत नाही.

महागड्या परदेशी मासिकांत हल्ली 'न नांगरता शेती' हा क्रांतिकारक विचार म्हणून येतो, त्यावर परिषदा भरतात. लाखांदूर-पवनीकडच्या एखाद्या आजीला तो समजावून सांगितला तर ती विचारील, "मंग त्याच्यात नवीन का आहे जी? लाखोरी तं अशीच टाकतेत."

इतकं गुणी पीक म्हटल्यावर सरकारचं त्याच्याकडे लक्ष जाणार हे उघड होतं. 1961 साली अन्नभेसळ प्रतिबंधाच्या नियमांखाली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. कारण खोटं नव्हतं. या दाण्यात एक विषारी अमिनो आम्ल असतं. दुष्काळात महिनोन् महिने दुसरं काहीच न खाता फक्त लाखोळीवर दिवस काढले तर पायातली ताकद जाते. आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होतं, त्यांनी याला कलायखंज म्हटलं आहे. इंग्रज अधिकारी स्लीमन यानेही एकोणिसाव्या शतकात सागरच्या बाजूला गव्हाची पिकं बुडाल्यावर हीच लाखोळी, तिकडची तिवडा, खाऊन लुळे पडलेले तरुण पाहिले आणि लिहून ठेवलं. पण बंदीची गंमत अशी की ती विकण्यावर होती. पेरायला मोकळीक, खायला मोकळीक, विकायला मात्र गुन्हा. त्यामुळे अनेक वर्षं लाखोळी बांधीत उजळ माथ्याने उगवायची आणि बाजारात दुसऱ्या डाळीच्या नावाने, बेसनाच्या आडोशाने हिंडायची. बाहेरगावचा माणूस भजी खाऊन 'बेसन फार छान आहे हो तुमच्याकडचं' म्हणायचा आणि यजमान नम्रपणे गप्प राहायचा.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने त्या विषाचं प्रमाण फार कमी असलेले प्रतीक, महातिवडा असे वाण काढले, आणि महाराष्ट्रातली बंदी अखेर उठली. जाणत्या घरांत डाळ भिजवून, उकळून वरचं पाणी ओतून द्यायची रीत आधीपासून होतीच. शिवाय आमच्या ताटात भात असतो, तुरीचं वरण असतं, भाजी असते. लाखोळी त्यात सणाच्या वड्यांपुरती आणि कोवळ्या शेंड्यांच्या भाजीपुरती येते. ज्याने ती भाजी पौष-माघात खुडून खाल्लेली असेल, त्याला कोणत्याही पुरवणीतला लेट्यूस गवत वाटेल. वाळवून ठेवली तर उन्हाळ्यातही पुरते.

अलीकडे लाखोळीची अडचण वेगळीच आहे. धान कापायला हार्वेस्टर येतं. ते अवजड यंत्र बांधीतून फिरलं की खालची कोवळी रोपं चाकाखाली बसतात. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र, आणि यंत्र आलं म्हणून लाखोळी नाही. दुसरी अडचण गुरांची. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन झालं, गाई सजवून झाल्या, खिचडी खाऊ घालून झाली की आपल्याला आता सर्वत्र प्रवेश आहे असा गुरांचा समज होतो. गावाने एकमताने राखण ठेवली तरच उतेरा टिकतो, आणि एकमत हे कोणत्याही नक्षत्रात लावलं तरी आमच्याकडे उशिरा उगवतं.

फुलांविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर हा लेख पोटापुरताच राहील. शेवंतीला रात्र मोठी लागते. दिवस लहान होऊ लागले की तिला कळ्या धरतात. रात्री अंगावर उजेड पडत राहिला तर तिला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे, आणि ती नुसती पानं वाढवत बसते. पूर्वी गावात वीज फारशी नसायची तेव्हा कार्तिकात शेवंती घरोघर फुलायची. मग ग्रामपंचायतीने कोपऱ्याकोपऱ्यावर एलईडी दिवे लावले आणि खांबाजवळच्या घरांची शेवंती रुसली. दिवा लागावा म्हणून ज्यांनी अर्ज केला, तेच आता तो तिरपा करून मिळावा म्हणून अर्ज करतात. गुलाबाची छाटणीही याच दिवसांत, पावसाळा सरल्यावर करायची असते. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. छाटणी हे काम असं आहे की आपल्या झाडाची करायला हात धजत नाही आणि शेजाऱ्याच्या झाडाची करायला तो शिवशिवतो. म्हणून कोजागिरीनंतर कोणी कात्री घेऊन "अरे, हे फार वाढलं आहे" म्हणत फाटकातून आत आला, तर त्याला चहा द्यावा आणि कात्री काढून घ्यावी.

वाडीची परीक्षा मात्र मंडईत होते. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा आणि दंडार, रात्री नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या येतात, पहाटेपर्यंत पल्लेदार संवाद चालतात आणि त्यासाठी पंचक्रोशीतले सोयरे मुक्कामाला येतात. सकाळी डोळे चोळत हे सोयरे दात घासायला वाडीत शिरतात आणि हिंडतात. "वांगे मस्त लागले जी तुमच्याइथं" हे वाक्य कौतुकाचं नसतं, ती पिशवीची मागणी असते. नाटक फुकट दाखवता येतं. वांगी, पोपटाच्या शेंगा आणि मिरच्या द्याव्याच लागतात. वानरांनी सोडलेलं सगळं मंडईत जातं, आणि इथे डबा बडवायची सोय नसते.

घरची वाडी अशी मोकळी झाली की तलाव आठवतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी बांधलेले, मालगुजारीच्या काळातले तलाव गावागावाला आहेत आणि ढीवर बांधव त्यांत शिंगाड्याची शेती करतात. दसरा-दिवाळीच्या दिवसांत हिरवे, काटेरी शिंगाडे उकडून ढिगाने विकायला येतात. डोंग्यातून किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर तरंगत, काट्यांतून हात घालून ते तोडणाऱ्याला कोणी 'जलउद्यान विशेषज्ञ' म्हणत नाही. वैनगंगेचं पाणी उतरल्यावर हेच लोक वाळूत खड्डे करून, शेणखत भरून काकडी, टरबूज, डांगर लावत. त्या डांगरवाड्यांना जमीन नदी द्यायची आणि पावसाळ्यात परत घ्यायची. सातबाऱ्याचा प्रश्नच नाही. याच नदीवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी झालं. पुढे पाणी अडलं आणि वरच्या अंगाची पुष्कळशी वाळू त्याखाली गेली. जी वाळू उघडी राहिली, तिच्यावर रात्री ट्रक उगवतात. त्या पिकाला ना ओल लागते ना राखण, आणि त्याला वानरही शिवत नाही.

तर वाचकहो, हे वाचत असाल तेव्हा हलका धान पिवळा पडू लागला असेल. उद्या सकाळी बांधीत उतरा आणि पाऊल टाकून बघा. उमटलं आणि रुतलं नाही, तर दुपारच्या आत लाखोळी टाकून घ्या; हार्वेस्टर बोलावणार असाल तर नका टाकू, बी वाया जाईल. वानरांच्या वाटेवर घर असेल तर वालाचा नाद सोडा आणि लसूण, हळद, कारलं, मिरची लावा. धणे रगडून पेरा आणि दोन आठवडे बोट खिशात ठेवा. आणि कुंपणाला साडी बांधायची असेल, तर ती कोणी दिली होती हे आधी घरात विचारा.